बेट आणि त्याचा धक्का

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त रामघाट येथे योजलेल्या व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



आपल्या चिटणीसांनी मला भाषणाचा विषय विचारला, तेव्हा मी ‘घारापुरी’ असे एका शब्दात उत्तर दिले. लेण्यांवर बोलणार का, असे त्यांनी साहजिकच विचारले. लेण्यांविषयी जाणत्यांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. मी धक्क्याविषयी बोलेन, असे मी म्हटले. सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी, गंगेच्या काठी, वेदशास्त्रसंपन्नांच्या या जुन्या वस्तीत उभे राहून कोणी बोटी लागण्याच्या धक्क्यावर व्याख्यान द्यावे, हे काहींना विक्षिप्त वाटेल. परंतु जी वस्ती नावा लागण्याच्या जागेभोवतीच वाढली, तिला हा विषय परका वाटू नये. रामघाटापासून पंचगंगेपर्यंत आणि पुढे दुर्गाघाट-ब्रह्माघाटापर्यंत आपण जी मराठी घरे राहतो, तेही हिंदीच्या अफाट पसाऱ्यातले एक लहानसे बेटच आहे, आणि घाट हा त्या बेटाचा धक्का आहे. या बेटाकडे मी उत्तरार्धात वळणारच आहे. प्रथम खऱ्याखुऱ्या, चहूबाजूंनी खारे पाणी असलेल्या बेटावर जाऊ.

मी काही संशोधक नव्हे. इतिहास घेऊन बी. ए. झालो आणि केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो. बदली हे आमचे गोत्र आणि फायली हे आमचे प्रवर. या नोकरीने मला जे काही दिले, त्यात मुंबईतील काही वर्षे आणि त्या वर्षांतील घारापुरीच्या फेऱ्या यांचा हिशेब मी जमेच्या बाजूला धरतो. प्रथम पाहुण्यांना घेऊन लेणी दाखविण्यासाठी जात असे. तीच मूर्ती चौथ्या-पाचव्यांदा दाखविण्याची वेळ आली, तेव्हा पाहुण्यांना लेण्यांत सोडून मी खाली धक्क्यावर येऊन बसू लागलो. तेथे बसल्यावर जे दिसले, ते आज आपल्यापुढे मांडतो.

घारापुरी हे मुंबई बंदरातील बेट गेट वे ऑफ इंडियापासून सुमारे दहा किलोमीटरवर आहे; लाँचने तासाभराचा प्रवास. कारभाराच्या दृष्टीने ते मुंबईचे नव्हे, रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्याचे. दोन टेकड्या, मधे खोलगट भाग, भोवती खाजण आणि तिवरांची झाडी. वस्ती सुमारे बाराशे माणसांची, मुख्यतः आगरी आणि कोळी समाजाची. तिच्या तीन वाड्या आहेत आणि त्यांची नावे ऐकण्यासारखी आहेत : शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर. तिन्ही नावांत ‘बंदर’ आहे. देशावर गावांची नावे देवावरून, झाडावरून, ओढ्यावरून पडतात. येथे होडी कोठे लागते यावरून पडली. माणूस प्रथम उतरला आणि मग राहिला, हा क्रम त्या नावांतच नोंदला गेला आहे.

या तिघांपैकी आज महत्त्व शेतबंदराला आहे. पण पूर्वी ते राजबंदराकडे होते. पोर्तुगीज सोळाव्या शतकात या बाजूला आले, तेव्हा ते दक्षिणेकडून राजबंदराजवळ उतरले आणि त्यांना तेथे काळ्या दगडात कोरलेला एक प्रचंड हत्ती दिसला. त्यावरून त्यांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले. म्हणजे जगभर ज्या नावाने हे बेट ओळखले जाते, ते लेण्यांतल्या देवावरून पडलेले नाही. उतारूला पहिल्यांदा काय दिसले त्यावरून पडले आहे. हत्तीची पुढची कथा करुण आहे. 1814 मध्ये त्याचे मस्तक आणि मान गळून पडली. 1864 मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला; उचलताना यारी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईस राणीच्या बागेत आले, 1914 मध्ये तेथे जोडले गेले, आणि आज तो हत्ती भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. बेटाला नाव देणारा हत्ती बेटावर नाही. मोठ्या लेण्यात एक शिलालेख होता. तोही पोर्तुगीजांनी काढून आपल्या राजाकडे पाठविला आणि तिकडे तो नाहीसा झाला. लेणी कोणी कोरविली याचा वाद आजतागायत चालू आहे तो त्यामुळेच. धक्क्याला येणे आहे तसे जाणेही आहे, आणि कित्येकदा जाणारी वस्तू परत येत नाही.

हत्ती गेला, राजबंदराचे महत्त्व ओसरले, आणि मुंबईच्या बाजूला तोंड करून असलेले शेतबंदर पुढे आले. कारण उघड आहे. उतारू दक्षिणेकडून आला तेव्हा दक्षिणेचे बंदर मोठे झाले. तो मुंबईकडून येऊ लागला तेव्हा वायव्येचे झाले. यात बेटावरच्या माणसाला कोणी विचारल्याचे दिसत नाही. 1987 मध्ये लेण्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत झाला आणि ही दिशा कायमची ठरून गेली.

आता धक्का पाहा. किनाऱ्यालगत चिखल असल्यामुळे लाँच काठाला टेकू शकत नाही. म्हणून धक्का पाण्यात दूरवर नेलेला आहे. एवढे अंतर उन्हात चालायचे म्हणून त्यावरून एक छोटी आगगाडी चालते आणि मुलांना लेण्यांपेक्षा तिचेच अप्रूप अधिक वाटते. गाडीतून उतरले की लेण्यांपर्यंत सुमारे 120 पायऱ्या, दोन्ही बाजूंना निळ्या ताडपत्र्यांखाली दुकानांच्या ओळी : दगडी हत्ती, शिंपल्यांच्या माळा, टोप्या, काकडी, कैऱ्या, ताक. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोली. चार खांदे आणि एक खुर्ची. पूर्वी मासेमारी आणि थोडी भातशेती यांवर गुजराण करणारे हे गाव आज बव्हंशी या पायऱ्यांवर जगते. गावातील मुलगा डोलीला खांदा देतो, बहीण काकड्या विकते, काका लाँचवर खलाशी असतो आणि आत्या खाणावळीत भाकऱ्या थापते. एका लाँचमधून उतरलेल्या माणसांकडे पाहून कोणाचे किती विकले जाईल, याचा अंदाज तेथील आठ वर्षांच्या पोराला अचूक येतो. आमच्या खात्यातील अंदाजपत्रके करणाऱ्यांनी त्याच्याकडे काही दिवस उमेदवारी करावी, असे मला वाटून गेले.

धक्क्यावर बसल्यावर प्रथम ध्यानात येते ते वेळापत्रक. गेट वेहून पहिल्या लाँचा सकाळी नऊच्या सुमारास सुटतात, दुपारपर्यंत सुटत राहतात. आणि शेवटच्या लाँचा संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास बेट सोडतात. पाहुण्यांना रात्री बेटावर मुक्कामाची परवानगी नाही. पाहुण्याच्या दृष्टीने हे वेळापत्रक उत्तम आहे : सकाळी यावे, लेणी पाहावीत, जेवावे, तिन्हीसांजेला मुंबईत परत. आता हेच वेळापत्रक बेटकऱ्याच्या डोळ्यांनी वाचा. त्याला सकाळी बेटावरून जायचे असते, कॉलेजात, कचेरीत, दवाखान्यात, बाजारात. आणि संध्याकाळी परत यायचे असते. म्हणजे पाहुण्यांची भरती असते तेव्हा त्याची ओहोटी, आणि त्यांची ओहोटी तेव्हा याची भरती. एकाच धक्क्यावर दोन प्रवाह उलट्या दिशांनी वाहतात. बोटी मात्र एकाच प्रवाहाच्या सोयीने सुटतात. बाकीच्या वेळी बेटकऱ्याने आपली होडी काढावी, न्हाव्याची किंवा मोऱ्याची बाजू गाठावी, नाहीतर वाट पाहावी. मोराबंदरच्या एका वृद्ध गृहस्थांशी माझी ओळख झाली होती. बाळंतपण आणि सर्पदंश ही दोन संकटे रात्रीच का येतात, हे कोडे आपल्याला उभ्या जन्मात उलगडले नाही, असे ते म्हणत.

धक्का कोणासाठी आहे, हे तो कोणी बांधला किंवा त्यावर पाटी कोणाच्या नावाची आहे यावरून कळत नाही. पहिली बोट कोणत्या बाजूने सुटते यावरून कळते.

विजेचे उदाहरण याच जातीचे आहे. फेब्रुवारी 2018 पर्यंत या बेटावर नियमित वीज नव्हती. संध्याकाळी सुमारे तीन तास जनित्र चाले, मग अंधार. पाहुणा संध्याकाळी निघून जात असल्यामुळे हा अंधार त्याला कधी दिसलाच नाही, आणि जे पाहुण्याला दिसत नाही ते दूर होण्यास वेळ लागतो. समोर मुंबईचे दिवे. मागे न्हावा-शेवा येथे 1989 मध्ये सुरू झालेल्या भव्य बंदराचे दिवे, रात्रभर दिवसासारखे लखलखीत. आणि मधे मिणमिणत्या कंदिलांखाली अभ्यास करणारी मुले. अखेर समुद्राच्या तळातून सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची तार टाकली गेली आणि दिवे लागले. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे लोटली होती. जगप्रसिद्ध स्थळाची ही स्थिती, मग अप्रसिद्ध बेटांची काय कथा!

जागतिक वारशाचा मान घरापर्यंत आला की घराच्या भिंतीलाही नियम लागतात. 2010 च्या दुरुस्ती कायद्याने संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंतचे क्षेत्र बांधकामास निषिद्ध आणि त्यापुढील 200 मीटरचे नियंत्रित आहे. लहान बेटावर एवढी मोजपट्टी टाकली की किती जमीन उरते याचा आपणच विचार करावा. शिवाय किनाऱ्याचे नियम वेगळे. मी सरकारी माणूस आहे, नियमांना नावे ठेवणार नाही. स्मारके राखली पाहिजेत, आणि नियम नसते तर त्या टेकडीवर आज हॉटेले उभी असती, यात मला शंका नाही. एवढेच म्हणतो की मुलाच्या लग्नानंतर एक खोली वाढविण्यासाठी ज्याला इतके दरवाजे ठोठवावे लागतात, तो मुलगा खोली वाढविण्याऐवजी उरणला किंवा मुंबईला बिऱ्हाड करतो. त्याच धक्क्यावरून जातो, आणि सुटीच्या दिवशी पाहुण्यासारखा येतो.

सोमवारी लेणी बंद असतात. मी एकदा मुद्दाम सोमवारी गेलो. पायऱ्यांवरच्या ताडपत्र्या मिटलेल्या होत्या, माकडे मोकळेपणी दुकानांच्या फळ्यांवर बसली होती, आणि राजबंदरच्या बाजूला जाळी वाळत पडली होती. एका अंगणात बायका हळदी-मसाला कांडत होत्या. गाव त्या दिवशी स्वतःच्या घरी होते. सहा दिवस ते दुकानात असते.

सर्वच बेटांचे असे नसते. गोव्यात मांडवीच्या पात्रात दिवाडी आणि चोडण ही बेटे आहेत. दिवाडीला जुने गोवे, रायबंदर आणि नार्वे या बाजूंनी फेरीबोटी जातात. ही सेवा सरकारी नदी परिवहन खात्याची असून पायी जाणाऱ्याला भाडे पडत नाही. बोटीत मासे विकणारी बाई, शाळेची पोरे, पाद्री, पोस्टमन, सायकलवाला पाववाला असे सगळे गाव उभे असते. पाहुणा असलाच तर कोपऱ्यात. दिवाडीवर पूल असावा की नसावा यावर तेथील लोकांत एकमत नाही. पूल झाला तर गाडी दारात येईल हे जितके खरे, तितकेच परकाही दारात येईल हे खरे, असे काहीजण म्हणतात. याच दिवाडीवर सप्तकोटीश्वराचे मूळ स्थान होते. पोर्तुगीजांच्या काळात देवाला नदीपार न्यावे लागले आणि 1668 मध्ये शिवछत्रपतींनी नार्वे येथे त्याचे देऊळ उभारविले. देवानेही तर गाठली, तिथे माणसांचा काय पाड?

घारापुरीच्या वाटेवर घडलेल्या एका दुर्घटनेचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 18 डिसेंबर 2024 रोजी दुपारी गेट वेहून बेटाकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची एक वेगवान नौका आदळली. बोटीत शंभरावर माणसे होती. 15 जणांचा अंत झाला. जवळपासच्या बोटी धावून गेल्या म्हणून पुष्कळांचे प्राण वाचले. वृत्तपत्रांतून चार दिवस चर्चा झाली, जीवरक्षक जाकिटांची सक्ती झाली, ते योग्यच झाले. कोकणच्या लोकांना 17 जुलै 1947 रोजी रेवसच्या वाटेवर बुडालेल्या ‘रामदास’ बोटीची आठवण झाल्यावाचून राहिली नसेल. त्या दिवशी सहाशेहून अधिक माणसे गेली. परंतु मला त्या वेळी सुचले ते वेगळेच. ती बातमी वाचून मुंबईच्या माणसाने ठरविले असेल की आता घारापुरीला जायला नको. बेटावरच्या माणसाला असे ठरविता येत नाही. त्याला दुसऱ्या दिवशीही त्याच पाण्यावरून जायचे होते.

त्याच वर्षी, 12 जानेवारी 2024 रोजी, शिवडी ते न्हावा-शेवा हा सुमारे पावणेबावीस किलोमीटर लांबीचा सागरी सेतू खुला झाला. बेटाच्या उत्तरेकडून तो जातो. त्यावरून मोटारीने जाणाऱ्याला वीस-पंचवीस मिनिटांत खाडी ओलांडता येते. बेटावर मात्र तो उतरत नाही. पूल झाला तरी धक्का राहिलाच. या ठिकाणी मला काशीची आठवण होते, कारण येथेही एक पूल झाला, आणि त्याने घाटांचे काय केले हे आपल्याला सव्वाशेहून अधिक वर्षांच्या अंतरावरून पाहता येते.

राजघाटाचा पूल, ज्याला तेव्हा डफरिन पूल म्हणत आणि आज आपण मालवीय सेतू म्हणतो, 1887 मध्ये खुला झाला. तोवर पूर्वेकडून येणारा सगळा प्रवास तेथे नावांनी अथवा नावांच्या तरत्या पुलाने नदी ओलांडत असे. दक्षिणेतला यात्रेकरू बहुधा प्रयागावरून येई, कधी सडकेने, कधी नावेने. कसाही आला तरी त्याचे पहिले काम घाटावर. घाटावर त्याचा उपाध्याय असे, उपाध्यायाच्या चोपडीत त्याच्या आजोबांची सही असे. आपली वस्ती या उताराभोवती जमली. सोळाव्या शतकात पैठणहून आलेल्या भट्ट घराण्यातील नारायणभट्टांनी येथे विद्येचे पीठ उभे केले. त्याच घराण्यातील गागाभट्ट 1674 मध्ये रायगडी राज्याभिषेकास गेले. नाथांनी शके 1495 मध्ये आपले भागवत याच क्षेत्री पुरे केले. पुढे मराठ्यांचा पैसा आला आणि दगड होऊन नदीत उतरला : भोसले घाट, बालाजी घाट, ग्वाल्हेरकरांचे घाट, अहिल्याबाईंचा घाट. बिंदुमाधवाचे आजचे देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींचे. बायजाबाई शिंद्यांचा घाट तर इतका भारी झाला की आपल्याच वजनाने खचला. चिखलावर किती दगड टाकावा याचा अंदाज ऐश्वर्याला कधीच येत नाही.

हा पैसा पुण्याहून, नागपुराहून, ग्वाल्हेरहून येत होता तोवर येथील अन्नछत्रे आणि पाठशाळा चालल्या. 1818 मध्ये पेशवाई बुडाली. मूळ झरा आटला. तरी पदच्युतांचे आश्रित म्हणून आणखी काही घरे येथे आली. मोरोपंत तांबे चिमाजी आप्पांबरोबर आले आणि मनूचा, पुढच्या झाशीच्या राणीचा, जन्म या नगरीत झाला. विष्णुभट गोडसे कावडीने गंगा घेऊन वरसईला परतले ती हकीकत आपण ‘माझा प्रवास’मध्ये वाचली आहे. मग रेल्वे आली, पूल आला. यात्रेकरू घाटावर उतरण्याऐवजी स्टेशनावर उतरू लागला. तेथून एक्का, आणि जेथे एक्का थांबेल तेथे मुक्काम. माझ्या समजुतीप्रमाणे आपल्या गल्ल्यांतील उत्पन्नाला खरी ओहोटी तेव्हापासून लागली.

घाट राहिले, पण त्यांचे काम बदलले. पूर्वी जी उतरण्याची जागा होती, ती पाहण्याची जागा झाली. आज संध्याकाळी आपल्या पायऱ्यांवर बसावे; नावा खालून वर, वरून खाली, एकामागून एक जातात. नावेतला वाटाड्या बोट दाखवून ‘रामघाट’ म्हणतो, पाहुणे चित्र टिपतात, आणि नाव दशाश्वमेधाकडे आरतीला निघून जाते. घारापुरीला बोटी थांबतात पण बेटकऱ्याच्या वेळेला नाही. आपल्याकडे त्या थांबतच नाहीत. 13 डिसेंबर 2021 रोजी विश्वनाथाचे नवे प्रांगण खुले झाले आणि गंगेकडून थेट देवळात जाण्याची वाट झाली. तेव्हापासून पाण्यावरची गर्दी आणखी वाढली. पुरात धोक्याची पातळी 71.262 मीटर धरली जाते; पाणी त्या आकड्याच्या जवळ येऊ लागले की नावा बंद होतात आणि घाट आठवडेच्या आठवडे पाण्याखाली जातात. ते आपले सोमवार.

या सगळ्यातून ही वस्ती टिकली कशी, असा प्रश्न मी येथे आल्यापासून स्वतःला विचारतो आहे. भाविक म्हणतील, विश्वेश्वराची कृपा. ती आहेच. परंतु मला त्यात आणखी एक कारण दिसते : ज्या घरांनी यात्रेकरूची वाट पाहिली ती क्षीण झाली, आणि ज्या घरांतले कोणी धक्क्यावरून उलट दिशेने बाहेर पडले ती तगली. 1883 मध्ये येथे जन्मलेले बाबूराव विष्णू पराडकर कलकत्त्याला गेले, तेथे हिंदी पत्रांत काम शिकले, आणि परत येऊन 1920 मध्ये निघालेल्या ‘आज’च्या संपादनात आयुष्य वेचून बसले. ‘राष्ट्रपती’, ‘मुद्रास्फीती’ असे शब्द हिंदीत रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. लक्ष्मण नारायण गर्दे यांचीही वाट तीच : काशी, कलकत्ता, ‘भारतमित्र’, पुन्हा काशी. या मंडळींनी दुसऱ्याच्या भाषेत नाव मिळविले आणि घरातली मराठी सोडली नाही. आजही या घाटावरील सांगवेद विद्यालयात महाराष्ट्रातून मुले येतात. 2025 च्या अखेरीस अहिल्यानगरच्या एका एकोणीस वर्षांच्या तरुणाने तेथे शुक्ल यजुर्वेदाचे दंडक्रम पारायण पुरे केले, ते तर देशभर गाजले. म्हणजे आपला धक्का अगदीच ओस पडलेला नाही.

पण मुले जात आहेत, आणि परत येणारी थोडी. कित्येक जुन्या वाड्यांवर पाहुण्यांच्या खोल्यांच्या पाट्या लागल्या आहेत. त्याला मी दोष देत नाही. मोठे वाडे, वर गळणारी छपरे, आणि घरात दोन म्हातारी माणसे, यांनी करावे तरी काय? मात्र वाडा पाहुण्यांचा झाला की त्या वाड्यात कोण राहत होते हे वर्ष-दोन वर्षांत कोणाला सांगता येत नाही. घारापुरीच्या शिलालेखासारखे होते. दगड गेला, आणि मग विद्वानांनी शंभर वर्षे भांडत बसायचे.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मी मंडळापुढे एक छोटेसे काम ठेवतो. त्याला वर्गणी लागत नाही. मंडळाच्या दप्तरात पन्नास वर्षांचे हिशेब आहेत, सभासदांच्या याद्या आहेत, गणेशोत्सवाच्या पावत्याही जपून ठेवलेल्या मी पाहिल्या. पण कोणते घर कोठून आले याची नोंद नाही. मी एक साधी वही केली आहे आणि तिला पाच रकाने पाडले आहेत. घराण्याचे मूळ गाव. काशीस प्रथम कोण आले आणि कशासाठी. कोणत्या वाड्यात राहिले. आज घरात मराठी कोण बोलते. आणि शेवटचा रकाना : येथून कोण गेले आणि कोठे. हा शेवटचा रकाना मी सर्वांत रुंद ठेवला आहे, कारण पहिल्या काही घरांतच तो अपुरा पडला. पुणे, इंदूर, बंगळूर आणि अमेरिकेचे पत्ते त्यात एकाखाली एक आहेत. या जाणाऱ्यांना स्मरणिकेची एकेक प्रत पाठवावी आणि तिच्याबरोबर त्यांच्या घराचे पान उतरवून द्यावे, अशी माझी सूचना आहे. काहींची उत्तरे येतील.

आतापर्यंत अकरा घरे झाली. भोसले घाटाच्या बाजूची तीन आजींनी सांगितली; त्या पंच्याऐंशीच्या पुढच्या आहेत आणि त्यांच्या बोलण्यात ‘जलपान’ आणि ‘फराळ’ हे दोन्ही शब्द एका वाक्यात येतात. दुर्गाघाटाकडची घरे राहिली आहेत. उद्या सकाळी मी तिकडे जाणार आहे. ज्यांना बरोबर यायचे असेल त्यांनी सातच्या सुमारास येथेच पायऱ्यांवर भेटावे. येताना जुनी पत्रे, जमाखर्चाच्या वह्या किंवा लग्नपत्रिका घरात असतील तर त्या घेऊन याव्यात.